आखाजीचं कलम

आईच्या मृत्युपत्रात नऊ कलमं आहेत. सातवं कलम असं: "गावठाणातील राहत्या घरातील माझा चार आणे हिस्सा माझ्या सुनेस देत आहे. मात्र माझ्या दोन्ही मुलींना त्यांच्या हयातीपर्यंत दरवर्षी आखाजीला व इतर सणावाराला या घरात येण्याचा व राहण्याचा हक्क राहील. त्यांस कोणी हरकत करू नये."

वकिलांनी आधी 'अक्षय्य तृतीयेला' असं लिहिलं होतं. मसुदा वाचून दाखवताना आईनं तिथंच थांबवलं. "हाई काय शे?" म्हणजे आमच्या अहिराणीत, हे काय आहे? वकील म्हणाले, मावशी, आखाजीच ती. "मंग आखाजीच लिखा." म्हणून त्या कागदावर तो शब्द आमच्या तोंडातला आहे तसाच आहे.

ज्यांना आखाजी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खानदेशात हा सण दिवाळीच्या बरोबरीचा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराई बसते, कडुलिंबाला झोके बांधले जातात आणि झोक्यावर गाणी चालतात. शेतातल्या सालदाराचं सालही आखाजी ते आखाजी असतं. त्या दिवशी जुना हिशेब मिटतो, राहायचं की जायचं ते ठरतं. आणि त्याच दिवशी पितरांसाठी मातीची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, पुरणपोळी आणि आमरसाचा घास विस्तवावर टाकून आगारी देतात. जिवंतांचा हिशेब, लेकींचं माहेर आणि गेलेल्यांचं पाणी, सगळं एकाच दिवशी. आईनं तिच्या कागदात नेमका हा दिवस का धरला, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पगारातून आणि पुढं फंडाच्या पैशातून त्यांनी दोन टप्प्यांत सव्वापाच एकर जमीन घेतली, विहीर खोदली, घर बांधलं. माणूस लिहिण्यातला. रोजचा खर्च वहीत, कापसाची प्रत्येक वेचणी वहीत, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं तेही वहीत. गावातल्या अर्ध्या लोकांचे अर्ज त्यांच्या हातचे. तहसीलदारांना काय लिहायचं, सोसायटीला काय लिहायचं, बँकेला कोणत्या शब्दांत विनवायचं, लोक त्यांच्याकडे यायचे. त्या माणसानं स्वतःच्या मागं काय व्हावं याची एक ओळ लिहिली नाही. एकदा मी विषय काढला होता. दादा काही बोलायच्या आत आईच चुलीपाशून म्हणाली, "मरानी गोट सकायमां काबर काढस?" मरणाची गोष्ट सकाळी सकाळी कशाला काढतेस, असं. दादा हसले आणि वहीत तोंड घातलं.

2011 च्या श्रावणात ते गेले.

दशक्रियेच्या संध्याकाळी ओट्यावर माणसं बसली होती. दादांचे मोठे भाऊ, ज्यांना सगळं गाव जिभाऊ म्हणायचं, त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "पोरींच्या सह्या कधी घ्यायच्या?" सह्या घ्यायच्या का, असं त्यांनी विचारलं नाही. कधी, एवढंच विचारलं. मी दाराच्या आत, हातात चहाचा ट्रे. धाकटी बहीण माझ्या मागं. आम्ही एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन आम्ही हक्कसोडपत्र केलं. भावानं जबरदस्ती केली नव्हती, हे मला स्वच्छ लिहायचं आहे. तो तर मान खाली घालून बसला होता. पण त्या बाकावर बसल्या बसल्या मनात एक क्षण आला की नको म्हणावं. आणि त्या क्षणाचीच मला लाज वाटली. आमच्याकडे 'हिस्सा मागणारी' हा शब्द शिवीसारखा वापरतात. हिस्सा मागणारीला माहेरची साडी मिळत नाही, पुढं आखाजीचा निरोपही येत नाही. दर गावात अशी एखादी असते आणि तिचं नाव पोरींना दमात घ्यायला वापरतात.

पुष्कळांना वाटतं की मुलींना हक्क अलीकडे मिळाला. वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानं हिस्सेदार झाली ती 2005 च्या दुरुस्तीनं, आणि वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याचा वाद सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला मिटवला, हे खरंच. पण बापाच्या स्वकमाईच्या जमिनीत, त्यानं काही लिहिलेलं नसलं तर, बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. दादांची जमीन स्वकष्टाची. म्हणजे मी सोडला तो हक्क माझ्या जन्माच्या आधीपासूनचा होता.

आणि दादांना त्याच कायद्यानं वाटेल तसं लिहून ठेवायची मोकळीक होती. 'सगळं मुलाला' असं लिहिलं असतं तरी मला वाईट वाटलं नसतं. हे उगाच मोठेपणानं म्हणत नाही. ते दादांचं म्हणणं ठरलं असतं आणि मी ते डोक्यावर घेतलं असतं. 'पोरींना एकेक एकर' असं लिहिलं असतं तर जिभाऊंसमोर भाऊच म्हणाला असता, दादांची इच्छा आहे. त्यांनी लिहिलं नाही, म्हणून जे त्यांनी बोलायचं ते बोलायची पाळी आमच्यावर आली. एक तर तोंड उघडून मागा, नाही तर गप्प बसून सोडा. मी त्यानंतर जिथं जिथं हे कागद पाहिले तिथं मला हेच दिसलं. जाणाऱ्यानं जे लिहिलं नाही ते मागं राहिलेल्या कुणाला तरी तोंडानं मागावं लागतं. आणि ते मागणं बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात हलक्या माणसाच्या वाट्याला येतं.

त्या दिवशी आमच्याबरोबर आईनंही सही केली होती. तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. आमच्या सह्यांची चर्चा वर्षभर चालली, आईची सही कुणी मोजली नाही. तिलाही चार आणे होते. जिच्या खोदाईवर तिनं डोक्यावरून माती वाहिली होती, ती विहीर तिनं एका दुपारी सोडली आणि येताना अमळनेरच्या बाजारातून कोथिंबीर घेतली.

2019 मध्ये भाऊ गेला. मोटारसायकलवर, एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

वारस लावायला वहिनी आणि मी तलाठी कार्यालयात गेलो. (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच.) मृत्यूचा दाखला, स्वयंघोषणापत्र, आधारच्या प्रती. त्यांनी चार नावं लिहिली. वहिनी, पुतण्या, पुतणी आणि चौथं आईचं. मला वाटलं चूक झाली. तिनं तर हक्क सोडला होता. ते म्हणाले, तो नवऱ्याच्या मागचा सोडला होता, हा मुलाच्या मागचा. मुलगा काही न लिहिता गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस, सून आणि नातवंडांच्या बरोबरीनं. पुन्हा चार आणे. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "असं नको व्हतं."

त्या सातबाऱ्यावर पोरांच्या नावापुढं 'अ.पा.क.' असं आहे. अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) पालनकर्ती, आई. सव्वीस वर्षं शाळेत शिकवूनही ही तीन अक्षरं मी कधी नीट वाचली नव्हती. तेरा आणि नऊ वर्षांची पोरं कागदावर जमीनमालक आणि त्यांची आई पालनकर्ती. अशा अज्ञान मुलांची जमीन विकायची किंवा गहाण टाकायची झाली तर कोर्टाची परवानगी लागते. वहिनीला विहिरीवर नवी मोटर बसवायला कर्ज हवं होतं, तेव्हा हे कळलं.

दुसरी अडचण बँकेत निघाली. भावाची एक ठेव होती, लग्नाआधीची. तेव्हा त्यानं नॉमिनी म्हणून आईचं नाव लिहिलं होतं आणि पुढं ते बदलायचं राहून गेलं. बँकेनं पैसे आईच्या हातात दिले. वहिनी एक शब्द बोलली नाही, पण त्या दिवशी तिनं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः मळ्यात निघून गेली. दोघी बायका एका घरात, मध्ये एक पासबुक. नॉमिनी म्हणजे मालक, असा समज सगळीकडे आहे. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1983 मध्ये विम्याच्या बाबतीत (विम्यात जवळच्या नातलगांपुरतं हे 2015 मध्ये बदललं) आणि डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीत हेच सांगितलं, की नॉमिनी पैसे स्वीकारतो, ते वारसांचे असतात. बँकेच्या खात्यांनाही तोच न्याय. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेत चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, ही सोय चांगली आहे, पण त्यानंही मालकी ठरत नाही. मी हे आईला समजावून सांगायच्या आधीच तिनं स्वतःचं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून झाल्यावर तिनं वहिनीला गोठ्यातच गाठलं आणि म्हणाली, चल, बँकेत जाऊ. पैसे वहिनीच्या खात्यावर टाकले, तेव्हा कुठं दोघी एका ताटात जेवल्या.

याच सुमारास जिभाऊ पडले. 2022 चा उन्हाळा. चौऱ्याऐंशी वय, मेंदूत रक्तस्राव. जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात सतरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. मी आळीपाळीनं तिथं थांबायची. काचेतून दिसायचं ते असं: छाती यंत्राच्या तालावर वर-खाली, ओठाच्या कोपऱ्यात नळीला लावलेली चिकटपट्टी, आणि हात पलंगाच्या दांडीला मऊ कापडानं बांधलेले. झोपेत नळी ओढू नये म्हणून. ज्या हातानं ओट्यावर सुपारी कातरत त्यांनी आमच्या सह्यांचा विषय काढला होता, तो हात. राग केव्हाच निघून गेला होता. मला फक्त वाटत होतं, कुणी तरी ते कापड सोडवावं.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी तिन्ही मुलांना बोलावलं. भला माणूस होता. शांतपणे म्हणाले, सुधारणा होईल असं मला वाटत नाही, पुढं काय करायचं तुम्ही ठरवा. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरला म्हणाला, वडिलांना कधी विचारलंच नाही. धाकटा रडायला लागला. मधल्यानं विचारलं, काढायचं म्हटलं तर सही कोणाची लागेल? त्या प्रश्नानंतर कुणीच काही बोललं नाही. जिभाऊ आणखी पाच दिवस तसेच होते. थोरला आज इतक्या वर्षांनी भेटला तरी दुसऱ्या कुठल्या विषयावरून तिथंच येतो. मी हो म्हणायला हवं होतं का, की मी बारा दिवस आधीच सांगायला हवं होतं. आयुष्यभर सगळ्यांच्या वतीनं ठरवणाऱ्या माणसानं स्वतःचं शेवटचं ठरवून ठेवलं नाही आणि ते ओझं या पोराच्या मानेवर बसलं.

याचा कागद आहे. लिव्हिंग विल म्हणतात त्याला: बरं होण्याची आशा संपली तर यंत्रांवर ठेवायचं की नाही, ते शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. 9 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो मान्य केला. त्याच्या मागं मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांची कथा आहे. 1973 च्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत त्या तिथंच अंथरुणावर होत्या, आणि त्यांच्यासाठी केलेल्या याचिकेवर 2011 मध्ये न्यायालयानं पहिल्यांदा या दाराला हात लावला. 2018 च्या निकालात सांगितलेली पद्धत फार किचकट होती, न्यायदंडाधिकाऱ्यापुढं जावं लागायचं. 24 जानेवारी 2023 ला ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आपण शुद्धीवर नसलो तर आपल्या वतीनं कोण बोलणार त्यांची नावं त्यात लिहायची, त्यांना आणि घरच्या डॉक्टरांना प्रत द्यायची, एक प्रत नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेनं त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आणि हा कागद म्हणजे मरण मागणं नव्हे. आजार बरा होण्यापलीकडे गेला आहे असं रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या एका मंडळानं आणि त्यांच्यावरच्या दुसऱ्या मंडळानं म्हटल्याशिवाय काहीच थांबत नाही. दुखणं कमी करायचे उपचार तर शेवटपर्यंत चालूच राहतात.

माझा मी केला. सहीसाठी थोरल्या लेकीला समोर बसवलं आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवली. नळीनं अन्न द्यायचं का, छातीवर दाबून हृदय पुन्हा चालू करायचं का, शेवट दवाखान्यात की घरी. ती मध्येच उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर म्हणाली, मम्मी, घरी म्हणजे कुठल्या घरी, धुळ्याच्या की गावच्या? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आम्ही तो कागदात घातला.

जिभाऊंच्या तेराव्याहून येताना गाडीत आई अचानक म्हणाली, "मन्हं बी लिखी टाक." मी म्हटलं, काय? "मराना कागद." जो शब्द तिनं दादांना सकाळी काढू दिला नव्हता, तो तिनं भर दुपारी, पारोळ्याच्या रस्त्यावर, स्वतः काढला.

वकिलांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मावशी, समजा तुम्ही काहीच लिहिलं नाही, तर तुमचे चार आणे कुणाकडे जातील, सांगा बरं?" आई म्हणाली, सुनेला, तीच तर कसते. वकिलांनी मान हलवली. बाई काही न लिहिता गेली तर तिचं मुलांना, मुलींना आणि आधी गेलेल्या मुलाच्या लेकरांना जातं. गेलेल्या मुलाच्या विधवेला सासूच्या मालमत्तेत वाटा नाही. म्हणजे तीन भाग झाले असते, एक माझा, एक धाकटीचा, एक दोन नातवंडांचा. जी रोज पहाटे मोटर चालू करते तिच्या नावावर यातलं काही नाही. आणि मग पुन्हा एकदा ओट्यावर कुणी तरी विचारलं असतं, पोरींच्या सह्या कधी घ्यायच्या.

आई माझ्याकडे पाहत राहिली. तिला काय विचारायचं होतं ते मला दिसत होतं. मी म्हटलं, सगळं वहिनीला दे. धाकटीला फोन लावला, तीही तेच म्हणाली. आई म्हणाली, "जमीन तिले. पन पोरीस्ले आखाजीले कोन्ही ना म्हणू नये." आणि मग ते सातवं कलम झालं. वकिलांनी कपाळाला हात लावून विचार केला आणि हयातीपर्यंत राहण्याचा हक्क असं त्याला कायद्याचं अंग दिलं. माझ्यासाठी मात्र त्यात दुसरंच काही होतं. 2012 मध्ये त्या बाकावर मी जे मागायला लाजले ते आईनं मी न मागता लिहून दिलं.

त्यानंतर वकिलांनी मला बाहेर बसवलं. ज्यांना मिळणार आहे ते आणि ज्यांचा संबंध येतो ते मसुद्याच्या वेळी जवळ नसलेले बरे, पुढं कुणी दबावाची शंका काढायला नको. वहिनीला तर त्यांनी अमळनेरला यायलाच मना केलं. साक्षीदार दोघं, वाटेकऱ्यांपैकी कुणी नाही, आणि दोघंही आईपेक्षा बरेच लहान. कारण साधं आहे. पुढं वेळ आली तर साक्षीदार हयात हवा. आईच्या वयाचे साक्षीदार घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, रावेरकडचे, केळीवाले. बरोबर वीस-बावीस वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सीचा. ते त्याला रुमालानं हनुवटी पुसत पुसत माझ्याशी बोलत होते. ते ट्रस्ट करायला आले होते. ट्रस्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर देऊळ नाही तर शाळा येते, धर्मादाय आयुक्ताकडे नोंदलेली. ती सार्वजनिक. खासगी ट्रस्ट 1882 च्या कायद्यानं एका माणसासाठीही करता येतो, आणि हवं तर मृत्युपत्रातूनही करता येतो. त्यांचं म्हणणं असं की मुलाच्या नावावर जमीन ठेवली तर त्याला ती सांभाळता येणार नाही, पुतण्यांच्या नावावर ठेवली तर ते सांभाळतील की नाही कोण जाणे. म्हणून जमिनीचं उत्पन्न ट्रस्टला, विश्वस्त तिघं, त्यातली एक मुलाची मावशी, आणि खर्च फक्त या मुलावर. शिवाय 1999 च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घ्यायचा, तो अर्जही त्यांच्या पिशवीत होता. त्यांनी मला एक वही दाखवली. मुलगा काय खातो, कशाला घाबरतो, औषध कोणत्या चमच्यानं घेतो, विजा कडाडल्या की त्याचा कुठला हात धरायचा. "हे वकिलांना नकोय," ते म्हणाले, "पण हे लिहिल्याशिवाय माझा कागद पुरा होत नाही." दादांच्या वह्यांची मला फार आठवण आली.

मृत्युपत्राला बाँड लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणीचीही सक्ती नाही. मुंबईतल्या मालमत्तेला कोर्टातून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला, घ्यायची सक्ती होती, आमच्या खानदेशात ती कधी नव्हतीच. तरी आईचं आम्ही नोंदवलं. तिचं वय आणि तिचं अहिराणी, दोन्ही लक्षात घेऊन वकिलांनी त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडला आणि 'मला अहिराणीत वाचून, समजावून सांगितले' अशी ओळ घातली.

मी दारातून पाहत होते. बोटाच्या यंत्रावर आईचा अंगठा उमटेना. कारकुनानं ओल्या फडक्यानं पुसला, पुन्हा ठेवला. नाही. दुसरा अंगठा. नाही. पन्नास वर्षं कापूस वेचून, गोवऱ्या थापून रेषाच उरल्या नव्हत्या. आई संकोचली, जणू तिच्याकडूनच काही चुकलं. कारकून मुलगी तरुण होती. तिनं खुर्ची सोडली, आईच्या बाजूला येऊन बसली, तिची एकेक बोटं हातात घेऊन पाहिली आणि मधलं बोट निवडलं. ते उमटलं. आई त्या पडद्यावरच्या करड्या गोळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "हाई मन्हं शे?"

मी अकरा वर्षं नंदुरबारकडच्या आदिवासी भागात, धडगावला नोकरी केली. तिथल्या माझ्या विद्यार्थिनींना 1956 चा हा कायदाच लागू नाही, अनुसूचित जमातींना तो वगळतो. त्यांच्या वाट्याला रूढी. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात म्हटलं की मुलींना वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर त्यांना वाटा नाकारता येणार नाही. ते वाचलं त्या दिवशी मी जुन्या हजेरीपटातली नावं आठवत बसले होते. त्यांच्यापर्यंत ही बातमी कोण नेणार?

त्याच वर्षी राज्यभर जिवंत सातबाऱ्याची मोहीम झाली. सातबाऱ्यावरच्या गेलेल्या माणसांची नावं कमी करून वारसांची लावायची. आमच्या चावडीवर नावं वाचली गेली तेव्हा म्हाताऱ्या आईला खुर्ची देऊन बसवलं होतं. ती प्रत्येक नावाला ओळखत होती. हा तर माझ्या लग्नात होता, हा पटकीत गेला, ही बाई पान लावायची. वाचन संपल्यावर म्हणाली, केवढी माणसं गं कागदावर उभी होती.

डिसेंबरात आई गेली. घरात, रात्री, झोपेत. मृत्युपत्राची अस्सल प्रत दादांच्या ट्रंकेत, त्यांच्या वह्यांच्या वर होती. वहिनीनं ती आणि दाखला तलाठ्याकडे नेला, फेरफाराची नोटीस चावडीवर लागली, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही. आम्हा दोघींना कुठं सही करायला जावं लागलं नाही.

चैत्र संपत आला तसा माझा जीव खाली-वर व्हायला लागला. आईशिवायची पहिली आखाजी. वहिनीला फोन लावला, इकडचं तिकडचं बोलले, पोरांच्या परीक्षा, कैऱ्या, विहिरीचं पाणी. शेवटी विचारलं, यावं म्हणते, येऊ का? पलीकडून जरा वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, "ताई, इचारतस काय? लिखेल शे ना."

आम्ही दोघी आदल्या संध्याकाळी पोचलो. मधल्या खोलीत दोन गोधड्या घातलेल्या होत्या, जुन्याच जागी, खिडकीशी धाकटीची आणि भिंतीशी माझी. सकाळी वहिनीनं कुंभाराकडची नवी घागर ओसरीवर आणून ठेवली. पुतणी आता वीस वर्षांची झाली आहे. तिनं मोटर चालू केली आणि विहिरीच्या पाण्याची कळशी माझ्या हातात दिली. मी घागर भरली. धाकटीनं तिच्यावर डांगर ठेवलं.